कोर्टाचा निकाल विरोधात गेला? अपील कुठे, किती दिवसांत आणि कशासाठी : अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकरांसाठी माहिती

बदलापूर : जमिनीचा दावा असो, पोटगीचा अर्ज असो की मारामारीची केस, निकाल लागला की कोर्टाच्या आवारात एकच वाक्य ऐकू येते, "वर जाऊ." पण वर म्हणजे नेमके कुठे, किती दिवसांत आणि वरचे कोर्ट काय बघते, हे बहुतेकांना माहीत नसते. अंबरनाथ तालुक्यात गुंठ्याचे भाव वाढले तसे वाटपाचे आणि हद्दीचे दावेही वाढले. निकाल लागतो, भाताची कापणी सुरू असते, "दिवाळी झाल्यावर वकिलाला भेटू" असे ठरते, आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. बाजू खरी असूनही हातची जमीन जाऊ शकते. म्हणून ही माहिती मोबाईलमध्ये जपून ठेवावी अशी.

अपील म्हणजे काय?

अपील म्हणजे केस पुन्हा पहिल्यापासून चालवणे नाही. खालच्या कोर्टात झालेल्या साक्षी, दाखल झालेले कागद आणि दिलेला निकाल यांचा संच वरच्या कोर्टापुढे जातो. निकाल पुराव्याला आणि कायद्याला धरून आहे का, एवढे ते कोर्ट तपासते. नवीन साक्षीदार किंवा नवीन कागद सहसा घेत नाहीत. तो कागद आधी का आणता आला नाही, याचे पटणारे कारण द्यावे लागते. त्यामुळे "खाली काही होऊ दे, वर बघून घेऊ" हा विचार घातक आहे. खाली जो कागद निशाणी लावून दाखल झाला नाही, तो वरच्या कोर्टाला बहुधा दिसतच नाही.

वरचे कोर्ट चार गोष्टी करू शकते : निकाल कायम ठेवणे, रद्द करणे, त्यात फेरबदल करणे, किंवा प्रकरण पुन्हा निर्णयासाठी खालच्या कोर्टाकडे पाठवणे.

कुठून कुठे जायचे?

उल्हासनगरच्या दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्या निकालावर पहिले अपील जिल्हा न्यायालयात होते. आपल्या भागासाठी कल्याणला अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आहे. मोठ्या रकमेच्या दाव्यांत पहिले अपील थेट मुंबई उच्च न्यायालयात जाते.

जिल्हा न्यायालयाच्या निकालावर दुसरे अपील उच्च न्यायालयात करता येते, पण ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. "साक्षीदार खोटे बोलला" एवढ्या मुद्द्यावर दुसरे अपील टिकत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले. त्यात कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे येतात. ठाणे जिल्ह्याची प्रकरणे पूर्वीप्रमाणे मुंबईलाच चालतात.

मुदती : हे पान स्क्रीनशॉट काढून ठेवा

- दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील : ३० दिवस
- दिवाणी निकालावर उच्च न्यायालयात अपील : ९० दिवस
- गैरहजेरीत झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, त्याच कोर्टात : ३० दिवस. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून
- मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिल्यास सत्र न्यायालयात अपील : ३० दिवस
- सत्र न्यायालयाने शिक्षा दिल्यास उच्च न्यायालयात अपील : ६० दिवस (फाशीच्या शिक्षेत ३० दिवस)
- घरगुती हिंसाचार कायद्याखालील मॅजिस्ट्रेटच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील : ३० दिवस
- फेरफाराच्या आदेशावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील : ६० दिवस

नकलेसाठी अर्ज केल्यापासून कोर्टाला नक्कल तयार करायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. मात्र नक्कल तयार होऊन पडली आणि आणायला गेलोच नाही, तर ते दिवस आपल्या नावावर मोजले जातात. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते.

मुदत टळलीच तर उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. पण प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. आजारपणाचा दवाखान्याचा कागद चालतो. "माहीत नव्हते" हे कारण सहसा चालत नाही.

अपील म्हणजे स्टे नाही

इथेच सर्वांत जास्त लोक फसतात. अपील दाखल झाले म्हणून खालचा निकाल आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि त्यावर कोर्टाचा आदेश व्हावा लागतो. समजा, एका भावाने वाटपाचा दावा जिंकला, दुसऱ्याने अपील केले पण स्थगिती घेतली नाही. जिंकलेला भाऊ हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावू शकतो. मग बेलिफ शेतावर येतो आणि अपिलाचा नंबर दाखवून काही होत नाही.

फौजदारी केसमध्येही तसेच. शिक्षा झाल्यावर अपिलाबरोबर शिक्षा थांबवून जामीन मिळण्याचा अर्ज करावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपील करता यावे म्हणून शिक्षा देणारे कोर्टच काही दिवस जामीन देऊ शकते. चेक न वटल्याच्या केसमध्ये शिक्षेविरुद्ध अपील केल्यास दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरण्याचा आदेश अपिली कोर्ट देऊ शकते. तेवढ्या पैशाची तयारी आधीच ठेवावी.

जमीन : सातबारा आणि बहिणींचा हिस्सा

सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे. नोंदीचा वाद तहसील आणि प्रांत कार्यालयात चालतो, मालकीचा वाद दिवाणी कोर्टात. प्रांताकडे जिंकलो म्हणून दिवाणी दावा जिंकला असे होत नाही.

मुलींच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असलेच पाहिजेत अशी अट नाही, असे तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटपे मात्र उघडता येत नाहीत. "आमचे तोंडी वाटप झाले होते" एवढे म्हणणे सहसा पुरत नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. बहिणीची सही न घेता जमीन बिल्डरला विकायला निघालेल्या भावांनी हे आधी वाचावे.

नवरा-बायकोची प्रकरणे

कुटुंब न्यायालयाच्या निकालावर अपील उच्च न्यायालयात जाते. कुटुंब न्यायालय कायद्यात त्यासाठी ३० दिवस लिहिले आहेत, तर हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस. हा गोंधळ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये सोडवला. हिंदू विवाह कायद्याखालील निकालासाठी ९० दिवस धरावेत, असे ठरले. तरीही ३० दिवसांच्या आत दाखल केलेले केव्हाही बरे. घटस्फोट मिळाला की लगेच दुसरे लग्न लावू नये. अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा झालेले अपील फेटाळले जाईपर्यंत थांबावे लागते.

पूर्वीच्या कलम १२५ च्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातील कलम १४४ च्या पोटगी आदेशावर अपील नसते, रिव्हिजन असते. आदेश मॅजिस्ट्रेटचा असेल तर सहसा सत्र न्यायालयात, कुटुंब न्यायालयाचा असेल तर उच्च न्यायालयात.

पोटगी कधीपासून द्यायची, यावर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सुरू झाले होते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावीत, असे ठरले. म्हणून तारखांवर तारखा पडल्या तरी बाईचे मागचे महिने बुडत नाहीत. अर्ज मात्र वेळेवर टाकलेला हवा.

फौजदारी : आरोपी सुटला तर?

आरोपी निर्दोष सुटला तर सरकार अपील करू शकते. पण आता पीडितालाही स्वतःचा हक्क आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात तशी तरतूद झाली. त्यासाठी आधी परवानगी मागण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केले. आरोपी सुटला, शिक्षा कमी कलमाखाली झाली किंवा भरपाई कमी मिळाली, तर पीडिताला अपील करता येते. फक्त "शिक्षा वाढवा" एवढ्यासाठी मात्र सरकारलाच जावे लागते.

निर्दोष सुटकेवरचे अपील जिंकणे कठीण असते. पुराव्यावरून दोन मते होऊ शकत असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचे मत घेतले असेल, तर वरचे कोर्ट सहसा हात घालत नाही.

तीन कोर्टांची तीन मते कशी होतात, याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण देसाईगंजचे आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील या गावच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचाराचा गुन्हा घडला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. देशभर संताप झाला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदाच बदलला. कोर्टाची शेवटची पायरी संपली तरी विषय संपतोच असे नाही.

बदलापूर प्रकरण : हे अपील नव्हते

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला लोकांनी बदलापूर स्टेशनवर रेल्वे अडवली. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने कुणीही याचिका न करता स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवायला झालेल्या उशिराबद्दल पोलिसांना जाब विचारला. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात ठार झाला. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो, त्यामुळे त्याच्यावरील आरोपांचा निकाल कधीच लागला नाही. त्याच्या मृत्यूच्या चौकशीचा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला. ७ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने विशेष पथक नेमून पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

हा उच्च न्यायालयाचा वेगळा अधिकार आहे. इथे खालच्या कोर्टाचा निकाल तपासला जात नाही. सरकारी यंत्रणेने आपले काम कायद्याने केले का, हे तपासले जाते. जनहित याचिकाही याच वाटेने जातात. उल्हासनगरच्या ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न असाच उच्च न्यायालयात गेला होता. पाडण्याचे आदेश झाले आणि त्यानंतर २००६ मध्ये शासनाला उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

बातमी वाचताना

"कोर्टाने याचिका दाखल करून घेतली" म्हणजे निकाल लागला नाही. "स्थगिती" म्हणजे तात्पुरते थांबवले, कोण जिंकले ते ठरलेले नाही. "जामीन मिळाला" म्हणजे निर्दोष सुटला नाही. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या निकालाच्या मेसेजमध्ये कोर्टाचे नाव, तारीख आणि प्रकरणाचा क्रमांक नसेल, तर त्यावर विश्वास ठेवून जमिनीचा व्यवहार करू नये.

पैसे नाहीत, वकील नाही?

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, जिल्हा प्राधिकरण ठाण्याला आहे. १५१०० हा मदत क्रमांक आहे. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते आणि तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते.

केसची पुढची तारीख बघायला ई-कोर्ट्सचे मोबाईल ॲप आहे. त्यात प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारीख आणि झालेले आदेश दिसतात. हा क्रमांक वकिलाकडून मागून घ्यावा आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा.

निकालाच्या दिवशी तीन कामे करावीत : नकलेचा अर्ज, वहीत निकालाची तारीख आणि तिच्यापुढे मुदतीचा शेवटचा दिवस लिहिणे, आणि त्याच आठवड्यात वकिलाची भेट. कापणी चार दिवस पुढे ढकलता येते, मुदत ढकलता येत नाही.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. आपल्या प्रकरणात पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाचा किंवा विधी सेवा समितीचा सल्ला घ्यावा.)