शंभर दिवसांचे सोवळे

प्रत्यारोपणाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण रुग्णालयाच्या दारापाशी थांबतात. मूळ पेशी रुजल्या, पांढऱ्या पेशी वाढल्या, रुग्ण घरी गेला, प्रकरण संपले. बहिणीच्या मूळ पेशी घेऊन मी घरी आलो तेव्हा माझे प्रकरण तिथून सुरू झाले. सोबत एक छापील कागद होता. शंभराव्या दिवसापर्यंत कोशिंबीर नाही, घरी विरजलेले दही नाही, कुंडीतल्या मातीला हात नाही, पाहुणे नाहीत. आई कागद वाचून म्हणाली, "हे तर सोवळंच झालं." ताकद आल्यावर मी त्या कागदाचाच इतिहास शोधू लागलो. शंभरच दिवस का? आणि कोशिंबिरीवर एवढा राग कशासाठी?

1957 साली अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेतून दिली. दोघांतच ती रुजली, तीही थोडा काळ. शंभर दिवसांपलीकडे कोणीच जगले नाही. थॉमस यांनी काम सोडले नाही. पुढे सिअ‍ॅटलला त्यांनी हे शास्त्र उभे केले आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्याकडे टाटा रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तेही सिअ‍ॅटलला थॉमस यांच्याकडे शिकून आलेले.

पेशी शरीरात जातात तो दिवस शून्य, तिथून मोजणी. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटतात, त्या दुखण्याचे दोन प्रकार जुन्या डॉक्टरांनी तारखेवरून पाडले होते: शंभर दिवसांच्या आत ते तीव्र, नंतर ते जुनाट. सिअ‍ॅटलला दूरवरून आलेले रुग्ण रुग्णालयाजवळ बिऱ्हाड करून राहत आणि साधारण याच सुमारास आपापल्या गावच्या डॉक्टरांकडे परतत. पण दुखणे कॅलेंडर पाहून येत नाही. 2005 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी लक्षणांवरून प्रकार ठरवायचे मान्य केले. आकडा मात्र घरोघरी टिकला. टिकणारच, बाळंतिणीचा सव्वा महिना आपण असाच मोजत आलो. माणसाला सोसायला एक शेवट लागतो.

कोशिंबिरीची गोष्ट अधिक रंजक आहे. सुरुवातीच्या दशकांत काही केंद्रांत रुग्णाला गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवत आणि त्याचे अन्नही निर्जंतुक करून देत. खोली घरी नेता येत नव्हती, म्हणून तिचे नियम तेवढे सौम्य करून स्वयंपाकघरात पाठवले गेले. ते तपासून पाहायला फार वेळ लागला. 2008 मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी रक्ताच्या कर्करोगाची केमोथेरपी घेणाऱ्यांत फक्त शिजवलेले अन्न आणि कच्ची फळे-भाज्याही असलेले अन्न यांची तुलना केली. गंभीर जंतुसंसर्गात फरक दिसला नाही. 2023 मध्ये इटलीतल्या चाचणीने प्रत्यारोपणाच्या रुग्णांबाबत जवळपास तेच सांगितले. (हे वाचून कोणी डॉक्टरांना न विचारता काकडी कापायला घेऊ नये. स्वच्छ धुणे, हात धुणे हे नियम त्या चाचणीतही होतेच.)

मातीची भीती मात्र खरी आहे. तिच्यातल्या बुरशीचे कण दुबळ्या फुप्फुसात घर करतात. गंमत अशी, की प्रतिकारशक्ती दाबून नव्या पेशींना आवरणारे सायक्लोस्पोरिन हे औषध मिळाले तेच मातीतल्या बुरशीतून. मातीचा तो नमुना नॉर्वेच्या पठारावरचा, 1969 सालचा.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो स्टॉकहोमचा प्रयोग. तिथल्या हुडिंगे रुग्णालयाने 1998 पासून जवळ राहणाऱ्या काही रुग्णांना पांढऱ्या पेशी अगदी तळाला असतानाच घरी राहू दिले. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले: घरी राहिलेले रुग्ण अधिक बरे जेवले, शिरेतून पोषण देण्याचे दिवस घटले, तीव्र दुखणे आणि मृत्यूही कमी दिसले. निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, तेव्हा हे आकडे जपूनच वाचावेत. आणि एक गोष्ट विसरू नये: तिथे परिचारिका रोज घरी येत होती, डॉक्टर रोज फोन करत होते. आमच्या घरी परिचारिकेच्या जागी आई होती, डॉक्टरांच्या जागी तो कागद. रात्री दोनला ताप 38 अंशांवर गेला, तेव्हा टॅक्सी शोधायला धाकटा भाऊ धावला होता.

शिवाय तो कागद घर गृहीत धरतो: वेगळी खोली, वेगळा संडास, दिवसभर रिकामे असणारे एक माणूस. टाटामध्ये येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचे घर त्या दिवसांत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा असते, किंवा भाड्याची एखादी खोली. सोवळे पाळायचे तर तिथेच. पाणी कोण उकळते, भांडी कशी वेगळी ठेवतात, गावाकडचे शेत त्या काळात कोण पाहते, हे कोणत्याच केसपेपरवर लिहिलेले नसते. मी आता अशा बायकांशी बोलून ते टिपून घेतो आहे. आतापर्यंत अकरा वह्या भरल्या.