कात्रीपासून झोटेरोपर्यंत : संदर्भनोंदीची कुळकथा

प्रबंध लिहून होतो आणि मग संदर्भसूची जीव खाते. मजकुरात हवाला दिलेले पुस्तक सूचीत नसते, सूचीतल्या लेखाचा मजकुरात पत्ता नसतो. त्यात मार्गदर्शक म्हणतात, आता सगळी सूची दुसऱ्या पद्धतीने करा. हे दुखणे जुने आहे आणि त्यावरचा इलाजही.

झ्यूरिकच्या कोनराड गेस्नरने 1545 मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रूत लिहिणाऱ्या सुमारे 3000 ग्रंथकारांची सूची छापली. एवढा पसारा कसा आवरायचा, हे त्याने 1548 च्या ग्रंथात सांगून ठेवले. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, प्रत्येक नोंद नव्या ओळीवर घ्यावी. मग कात्रीने पट्ट्या कापाव्यात, विषयवार गठ्ठे लावावेत आणि क्रम जुळला की चिकटवाव्यात. चिकटवायच्या त्याही अशा, की पुढे उचलून हलवता येतील. नोंद एकदाच करायची आणि मांडणी हवी तितक्यांदा बदलायची, हा आजच्या प्रत्येक संदर्भ-सॉफ्टवेअरचा गाभा गेस्नरच्या कात्रीत आहे. पुण्यात डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतच्या महाकोशासाठी सुमारे 1500 ग्रंथांतून कोटीच्या घरात चिठ्ठ्या जमवल्या गेल्या, त्या याच रीतीच्या.

कंसात लेखकाचे नाव आणि साल देण्याची पद्धत मात्र बरीच अलीकडची. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी 1881 मध्ये बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यांवर लिहिलेल्या निबंधात ती आढळते. पुढे अशा पद्धती इतक्या वाढल्या, की त्या सांभाळायला यंत्राचीच गरज पडली. बेल लॅबमध्ये 1970 च्या दशकात माइक लेस्क यांनी 'रेफर' लिहिले. 1985 मध्ये ओरेन पताश्निक यांचे 'बिबटेक' आले. गणित-भौतिकीवाले आजही तेच वापरतात. त्याच दशकात 'एंडनोट' बाजारात आले. ते उपयोगी होते, पण विकत घ्यावे लागे.

झोटेरो हे संदर्भ-सॉफ्टवेअर घडवले ते इतिहासकारांनी. व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात रॉय रोझेनझ्वाइग यांनी 1994 मध्ये इतिहास आणि नव्या माध्यमांचे केंद्र काढले होते. इतिहासकाराच्या टेबलावर शोधनिबंधांबरोबर पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, दप्तरखान्यातले कागद आणि छायाचित्रे असतात. हे सगळे एका जागी राहावे म्हणून या केंद्रातल्या डॅन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 2006 मध्ये झोटेरो फायरफॉक्स ब्राउझरला जोडून दिले. ते फुकट होते आणि त्याचा कोडही सर्वांना खुला होता. ग्रंथालयाच्या पानावर कोपऱ्यातले चिन्ह दाबले, की लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल आपापल्या रकान्यात जाऊन बसत. ज्यांना रोज हे काम करायचे होते त्यांनीच हत्यार घडवले, म्हणून ते हाताला बसले.

कसोटी 2008 मध्ये लागली. एंडनोटची मालक थॉमसन रॉयटर्स कंपनी विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेली. झोटेरोच्या नव्या आवृत्तीला एंडनोटच्या शैली-फाइली, म्हणजे हवाले कसे मांडायचे ते सांगणाऱ्या फाइली, वाचता येत होत्या, हा आक्षेप. मागणी 1 कोटी डॉलरची. विद्यापीठ मागे हटले नाही. उलट, एंडनोटच्या परवान्याचे नूतनीकरण करणार नसल्याचे त्याने जाहीर केले. जून 2009 मध्ये दावा निकालात निघाला आणि झोटेरोचे काम चालू राहिले. मला या कुळकथेतला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. संशोधकाने वर्षानुवर्षे जमवलेल्या नोंदी एका कंपनीच्या कुलपात राहाव्यात की त्याच्या हाती, हा प्रश्न या दाव्याच्या मुळाशी होता.

अशा शैली लिहिण्यासाठी खुली भाषा आधीच तयार होती. ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकांनी ती रचली. आज तिच्यात 10,000 हून अधिक शैली मोफत मिळतात आणि इतर सॉफ्टवेअरेही ती वापरतात. मार्गदर्शकांनी पद्धत बदलायला सांगितली, तर यादीतून दुसरी शैली निवडायची. मजकुरातले हवाले आणि शेवटची सूची दोन्ही बदलतात. नोंदी कितीही ठेवल्या तरी पैसे पडत नाहीत. झोटेरोच्या सर्व्हरवर फाइलींसाठी 300 एमबीपेक्षा जास्त जागा हवी असेल, तरच पडतात.

मराठी ग्रंथांच्या नोंदी मात्र बहुधा हातानेच भराव्या लागतात. आडनाव एका रकान्यात, नाव आणि वडिलांचे नाव दुसऱ्यात, आवृत्ती आणि साल मुखपृष्ठावरून न घेता आतल्या पानावरून. कंटाळा करू नका. ही भर घातल्याशिवाय मराठी संशोधनाची सूची नीट उतरणार नाही. आणि सॉफ्टवेअर कोणतेही वापरा, दर महिन्याला सगळ्या नोंदींची एक प्रत बिबटेक किंवा आरआयएस या फाइल-स्वरूपात आपल्याजवळ काढून ठेवा.