काठी, पोते आणि कॅमेरा: न्यू फॉरेस्टचे साप

१/ दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट हे सारे अरण्य नव्हे; त्याचा मोठा भाग हेदरच्या झुडपांचे माळरान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅरी ‘ब्रशर’ मिल्स येथे साप पकडून पोट भरत असे.

२/ हाती बेचक्याची काठी, खांद्यावर पोते, राहायला कोळसा पाडणाऱ्यांची जुनी झोपडी. त्याने हजारो साप पकडले. काही लंडनच्या प्राणिसंग्रहालयात खाद्य म्हणून गेले. १९०५ मध्ये तो वारला. ब्रोकनहर्स्टच्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यावर सापांसह त्याचीच आकृती कोरलेली आहे.

३/ १९७५ मध्ये ‘स्मूथ स्नेक’ व ‘सँड लिझार्ड’ यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे घोणशीच्या कुळातील विषारी अ‍ॅडरला मारणेही गुन्हा ठरले.

४/ आजचा छायाचित्रकार मिल्सचेच ज्ञान वापरतो: सकाळचे कोवळे ऊन, दक्षिणेकडचा उतार, हलकी पावले. मात्र दुर्मीळ जातींना परवान्याविना हात लावता येत नाही.

५/ तरी खरा घाव काठीचा नव्हता. शेजारच्या डॉर्सेटमध्ये १८११ ते १९६० या काळात शेती, वनलागवड आणि वस्ती यांनी सुमारे दोन-तृतीयांश माळरान गिळले. साप वाचवणारा कायदा आला, तेव्हा त्याचे घरच उणे झाले होते.