गुडघ्याच्या दुखापती: शस्त्रक्रिया आणि भौतिकोपचार

गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्यास किंवा मेनिस्कस नावाच्या कूर्चेच्या गादीला चीर पडल्यास प्रामुख्याने दोन मार्गांनी उपचार केले जातात: शस्त्रक्रिया आणि भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियांचा प्रसार झाला आणि फाटलेला भाग शिवणे, बदलणे वा काढून टाकणे हाच स्वाभाविक उपचार मानला जाऊ लागला. २००२ पासून प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचण्यांनी या समजुतीची कसोटी घेतली. यांपैकी कोणता मार्ग योग्य, हे दुखापतीचा प्रकार, रुग्णाचे वय, सांध्याची अस्थिरता आणि रुग्णाला करावयाच्या हालचाली यांवर अवलंबून असते.

रचना आणि दुखापतीचे स्वरूप

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांनी गुडघ्याचा सांधा बनतो. हाडांच्या आकारामुळे या सांध्याला फारसे स्थैर्य लाभत नाही. ते मुख्यतः अस्थिबंध आणि स्नायू यांच्याकडून मिळते. सांध्याच्या आतल्या व बाहेरच्या बाजूस एकेक पार्श्वबंध असतो, तर मध्यभागी एकमेकांना छेदून जाणारे दोन क्रुशिएट बंध असतात. त्यांपैकी पुढचा बंध वैद्यकीय व्यवहारात ‘एसीएल’ या नावाने ओळखला जातो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसताना सांधा सावरणे ही त्याची कामे होत.

मेनिस्कस ही अर्धचंद्राकृती गादी प्रत्येक गुडघ्यात दोन असते. ती शरीराचा भार हाडांच्या पृष्ठभागावर सर्वत्र वाटून देते. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तेथील चीर शिवल्यास सांधण्याची शक्यता अधिक असते. आतल्या भागात रक्तवाहिन्या नसल्याने तेथील चीर सहसा भरून येत नाही.

एसीएलची दुखापत बहुधा दुसऱ्याचा धक्का न लागताच होते. धावताना एकाएकी थांबणे, पाय रोवून अंग वळवणे किंवा उडीनंतर एका पायावर उतरणे ही तिची नेहमीची कारणे आहेत. त्यामुळे फुटबॉल, बास्केटबॉल, कबड्डी व स्कीइंग या खेळांत ती वारंवार आढळते. अनेकदा गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो, काही तासांत सूज येते आणि पुढे चालताना गुडघा निसटल्याची भावना होते.

मध्यमवयानंतर मेनिस्कसला पडणाऱ्या चिरा मात्र अनेकदा झिजेमुळे पडतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयोगटातील ९९१ व्यक्तींच्या गुडघ्यांची एमआरआय तपासणी करण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांच्या मेनिस्कसला चीर आढळली त्यांपैकी ६१ टक्के व्यक्तींना आदल्या महिन्यात दुखणे वा आखडणे असा कोणताही त्रास नव्हता. एमआरआयमध्ये चीर दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडले, असे त्यामुळे मानता येत नाही.

इतिहास

एडिंबरोचे शल्यविशारद थॉमस अ‍ॅनंडेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात मेनिस्कस शिवण्याची शस्त्रक्रिया केली. लीड्स येथील मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये तुटलेले क्रुशिएट बंध टाके घालून जोडले. केवळ टाके घातलेले बंध पुष्कळदा टिकत नाहीत असे दिसून आल्यावर शरीरातील अन्य ऊतकाचा तुकडा घेऊन नवा बंध रचण्याची पद्धत पुढे आली. १९१७ मध्ये ब्रिटिश शल्यविशारद अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी अशी शस्त्रक्रिया वर्णिली.

टोकियोतील केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतील भाग पाहिला. १९६२ मध्ये मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने मेनिस्कसचा फाटलेला भाग काढला. छोट्या छिद्रांतून होणारी ही शस्त्रक्रिया पुढील काही दशकांत जगभर रूढ झाली.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

एसीएलच्या पुनर्रचनेत मांडीच्या मागील स्नायूंचा किंवा वाटीखालचा कंडरा काढून तो हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवला जातो व दोन्ही टोकांना पक्का केला जातो. हा तुकडा हळूहळू नव्या बंधाचे रूप घेतो. या प्रक्रियेला अनेक महिने लागतात. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होणे, सांधा आखडणे, कंडरा जेथून घेतला तेथे दुखणे आणि नवा बंध पुन्हा तुटणे हे तिचे संभाव्य धोके आहेत. शस्त्रक्रियेनंतरही भौतिकोपचार अनिवार्य असतो. त्यामुळे रुग्णापुढील निवड वस्तुतः ‘शस्त्रक्रिया व व्यायाम’ किंवा ‘केवळ व्यायाम’ अशी असते.

भौतिकोपचाराचे स्वरूप

तुटलेल्या बंधाचे काम काही अंशी स्नायूंकडून करवून घेता येते, हे भौतिकोपचाराचे मूळ तत्त्व आहे. आरंभी सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणे यांवर भर असतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे आणि पाय ताठ ठेवून उचलणे हे या टप्प्यातील परिचित व्यायाम होत. त्यानंतर बैठका, पायरी चढणे व वजनासह व्यायाम करून बळ वाढवले जाते. एका पायावर तोल सावरण्याच्या व्यायामांनी सांध्याच्या स्थितीची जाणीव सुधारते. शेवटच्या टप्प्यात धावणे, उड्या आणि दिशा बदलणे यांचा सराव होतो.

हा कार्यक्रम काही महिने सातत्याने चालवावा लागतो. वेदना कमी होताच व्यायाम सोडून देणे हे अपयशाचे एक प्रमुख कारण ठरते.

तुलनात्मक चाचण्या

एसीएल: स्वीडनमधील ‘कॅनॉन’ चाचणीत १२१ तरुण, क्रियाशील रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधी व्यायाम देऊन गरज भासल्यास नंतर शस्त्रक्रियेची मुभा होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक नव्हता. मात्र दुसऱ्या गटातील ५९ पैकी २३ जणांनी दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली आणि पाच वर्षांत ही संख्या ३० झाली.

ब्रिटनमधील ‘एसीएल स्नॅप’ चाचणीचा निष्कर्ष वेगळा आला. दुखापत जुनी होऊन गुडघा अस्थिर राहिलेले ३१६ रुग्ण तीत सहभागी होते. २०२२ च्या अहवालानुसार १८ महिन्यांनंतर शस्त्रक्रिया गटाचा सरासरी गुणांक १०० पैकी ७३.०, तर व्यायाम गटाचा ६४.६ होता. व्यायाम गटातील ४१ टक्के रुग्णांनी या काळात शस्त्रक्रिया करून घेतली. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण भिन्न असल्याने त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी ठरत नाहीत. ताज्या दुखापतीत आधी व्यायाम करून पाहता येतो. दीर्घकाळ निसटणाऱ्या गुडघ्यात शस्त्रक्रियेचा लाभ अधिक संभवतो.

मेनिस्कस: अमेरिकेतील ‘मीटिऑर’ चाचणीत (२०१३) झिजेसह मेनिस्कसला चीर असलेले ४५ वर्षांवरील ३५१ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर शस्त्रक्रिया आणि भौतिकोपचार या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र भौतिकोपचार गटातील सुमारे ३० टक्के रुग्ण तोवर शस्त्रक्रियेकडे वळले होते. फिनलंडमध्ये त्याच वर्षी १४६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत काहींवर केवळ शस्त्रक्रियेचा देखावा करण्यात आला होता, आणि वर्षभरानंतर खरी शस्त्रक्रिया त्याहून सरस ठरली नाही. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील तज्ज्ञगटाने झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया न करण्याची ठाम शिफारस केली.

निर्णयाचे निकष

चिरलेल्या मेनिस्कसचा तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल, एकाहून अधिक अस्थिबंध तुटले असतील किंवा वाटीचा कंडरा पूर्ण तुटला असेल, तर सामान्यतः शस्त्रक्रियेस विलंब करू नये असे मानले जाते. आतल्या पार्श्वबंधाची एकट्याची दुखापत मात्र बहुधा पट्टा आणि व्यायाम यांनी बरी होते.

एसीएल तुटलेल्या तरुण खेळाडूला पीळ बसणाऱ्या खेळाकडे परतायचे असल्यास शस्त्रक्रियेचा विचार अधिक केला जातो. गुडघा वारंवार निसटत राहिल्यास मेनिस्कस व कूर्चा यांची आणखी हानी होते. म्हणून केवळ व्यायामाचा मार्ग निवडलेल्या रुग्णाने असे प्रसंग दुर्लक्षू नयेत. शस्त्रक्रियेनंतर खेळात परतण्याची घाईही घातक ठरते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपूर्वी परतलेल्या खेळाडूंत पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण अधिक आढळले.

एसीएल तुटलेल्या गुडघ्याला पुढील काळात संधिवाताचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेने तो धोका निश्चितपणे टळतो असे सिद्ध झालेले नाही.

हे सुद्धा पाहा

गुडघा
भौतिकोपचार
संधिवात
क्रीडावैद्यक