उपशामक परिचर्या

असाध्य व्याधीने ग्रस्त, विशेषतः आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्या रुग्णाच्या वेदना व अन्य त्रासदायक लक्षणे यांचे शमन करणारी, तसेच त्याच्या मानसिक व सामाजिक गरजांची आणि कुटुंबीयांचीही दखल घेणारी वैद्यकीय सेवा. पॅलिएटिव्ह केअर या संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. अशी परिचर्या देणाऱ्या निवासी संस्थेस हॉस्पिस म्हणतात. रोग समूळ घालविणे हे या सेवेचे उद्दिष्ट नसते. मृत्यू लवकर आणणे वा लांबविणे हेही नसते. त्यामुळे दयामरणाशी तिची गल्लत करणे चुकीचे ठरते.

आयुर्वेदात रोगांचे साध्य, याप्य व असाध्य असे भेद मानले आहेत. याप्य म्हणजे बरा न होणारा, परंतु उपचार चालू असेतो आटोक्यात राहणारा रोग. कलत्या घरास टेकू द्यावा तसे अशा रुग्णास उपचाराने सावरून धरता येते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. असाध्य रोग्याच्या बाबतीत मात्र वैद्याने उपचार हाती घेऊ नये, त्याने अपयश पदरी येते, असाच सल्ला प्राचीन ग्रंथकार देतात. वैद्याने हात टेकल्यावर रुग्ण घरी येई आणि पुढील सारा भार घरच्यांवर, त्यातही स्त्रियांवर पडे. मुखी गंगाजल व तुळशीपत्र घालण्याचा विधी ठरलेला होता. त्याआधीच्या आठवड्या-महिन्यांच्या यातनांवर घरगुती काढ्यांपलीकडे फारसे काही नव्हते.

यूरोपात मरणोन्मुखांसाठी स्वतंत्र निवास प्रथम धार्मिक प्रेरणेने निघाले. फ्रान्समधील लीआँ येथे झान गार्निए यांनी १८४२ मध्ये, तर आयर्लंडमधील डब्लिन येथे सेवाव्रती भगिनींनी १८७९ मध्ये अशा संस्था काढल्या. या कार्यास शास्त्रीय बैठक दिली ती सिसिली साँडर्स यांनी. परिचारिका, रुग्णालयीन समाजसेविका आणि नंतर डॉक्टर अशा तिन्ही भूमिका त्यांनी केल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. दुखू लागल्यावर औषध देण्याऐवजी वेदना पुन्हा उसळण्याआधीच ठराविक वेळाने तोंडावाटे मॉर्फीन द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. साध्या मॉर्फिनाचा परिणाम सु. चार तास टिकतो. म्हणून घड्याळाच्या काट्यावर मात्रा द्यावी लागते. पॅलिएटिव्ह केअर ही संज्ञा त्यानंतर, १९७० च्या दशकात, कॅनडातील बॅल्फूर माउंट यांनी रूढ केली.

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यचिकित्सक एल. जे. डिसोझा यांनी स्थापिलेल्या या संस्थेचे नाव ‘शांति अवेदना सदन’. बऱ्या न होणाऱ्या कर्करोग्यांची तेथे विनामूल्य शुश्रूषा होते. पुढे गोवा व दिल्ली येथेही तिच्या शाखा निघाल्या. याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगातील वेदनांसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसिद्ध केली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे. परंतु आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, भारतात गुंगीकारक औषधिद्रव्यांविषयीचा कठोर अधिनियम संमत झाला होता. किरकोळ चुकीसही जबर शिक्षा होईल या भीतीने आणि अनेक परवान्यांच्या कटकटीमुळे रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फीन ठेवीनासे झाले व त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची अधिकृत लागवड होत असताना आणि ती अफू परदेशी औषध कारखान्यांना पुरविली जात असताना हे घडले, ही गोष्ट खेदजनक म्हटली पाहिजे.

मुंबईतील निवासाचा उपयोग ग्रामीण रुग्णास कितपत होतो, याचा विचार सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात करता येतो. जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय असून टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ मध्ये तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते पाठवून रोगी शोधावे लागले. कारण खेड्यातील माणूस, विशेषतः स्त्री, आपण होऊन रुग्णालयात येत नसे. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रमुख होता आणि तो बहुधा पुढच्या अवस्थेत गेल्यावर उजेडात येई. लोकशिक्षणाने हे चित्र काहीसे पालटल्याचे पुढे दिसून आले. परांड्यास लागून असलेला करमाळा तालुका मात्र या नोंदणीत नव्हता. त्यातील जेऊर हे मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. तेथील रुग्ण कुर्डुवाडीस गाडी बदलून बार्शीस जाऊ शकतो. परंतु ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यावर त्याच मार्गाने परत येतो. यापुढील त्याच्या गरजा साध्या असतात : नियमित मॉर्फीन, त्यामुळे होणाऱ्या बद्धकोष्ठावर रेचक, दुर्गंधी येणाऱ्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलची पूड, कुशी बदलून शय्याव्रण टाळणे. यांपैकी मॉर्फीन वगळता काहीच दुर्मिळ नाही.

घरच्यांनाच शिकविण्याची कल्पना पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्राने १९९७ पासून राबविली. तेथे रुग्णासोबत नातेवाइकासही ठेवून घेतात. केरळमध्ये कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून स्वयंसेवकांची गृहभेटपद्धती उभी राहिली व २००८ मध्ये त्या राज्याने स्वतंत्र धोरण जाहीर केले. १९८५ च्या अधिनियमात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फीन ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषध’ ठरले आणि अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. ही मान्यता संस्थेस मिळते, गावास नव्हे. जवळपास अशी संस्था नसल्यास गोळ्या संपण्यापूर्वी घरच्या कोणास तरी पुन्हा गाडी धरावी लागते.