चढ, उतार आणि वेग : 'सॉनिक २'चे गुणदोष

कोणत्याही गाजलेल्या कृतीचा उत्तरार्ध पेचातच जन्माला येतो. लोकांना तेच पुन्हा हवे असते, आणि तेच पुन्हा मिळाले की ते कंटाळतात. कादंबरी, नाटक, चित्रपट यांच्या बाबतीत या पेचाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. व्हिडिओ गेमलाही असे उत्तरार्ध असतात, त्यांनाही गुणदोष असतात आणि त्या गुणदोषांना इतिहास असतो, हे मात्र आपल्या समीक्षेच्या फारसे गावी नाही. म्हणून येथे एकाच खेळाकडे जरा निरखून पाहायचे आहे. खेळ आहे १९९२ सालचा 'सॉनिक द हेजहॉग २'.

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे धावत, उड्या मारत, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पोचत पुढे सरकण्याचा खेळ. आपल्याकडे तो ठाऊक झाला 'मारिओ'मुळे. नव्वदच्या दशकात निंटेंडोच्या यंत्राच्या स्वस्त नकला बाजारात आल्या आणि अनेक मध्यमवर्गीय घरांतल्या टीव्हीला जोडल्या गेल्या. निंटेंडोच्या मारिओला सेगा या जपानी कंपनीने १९९१च्या जूनमध्ये जे उत्तर दिले ते म्हणजे सॉनिक. हेजहॉग हा साळिंदराची आठवण करून देणारा छोटा काटेरी प्राणी. सेगाचा हेजहॉग निळा होता, अंगाचा गोळा करून गडगडत जाई, आणि मारिओपेक्षा कितीतरी वेगाने धावे. युजी नाका यांनी त्याचे प्रोग्रॅमिंग केले, नाओतो ओशिमा यांनी त्याचे रूप रेखाटले आणि हिरोकाझु यासुहारा यांनी त्याच्या वाटा आखल्या.

त्या पहिल्या खेळातला वेग कसा होता, हे समजल्याशिवाय उत्तरार्धाचे मोल ठरवता येणार नाही. साताऱ्याहून कासकडे निघाले की यवतेश्वराचा घाट लागतो. तो घाट सायकलने चढणाऱ्याला शेवटी उतरून सायकल ढकलावीच लागते, आणि परतताना पायडल मारायची गरज उरत नाही. चढाने घेतलेले सगळे उतार परत देतो. सॉनिकचे गणित नेमके हेच होते. उतारावर गोळा होऊन गडगडले की वेग वाढे, त्या वेगावर समोरचा चढ किंवा वर्तुळाकार वळण पार होई, आणि वेग कमी पडला तर सॉनिक अर्ध्यातून मागे घसरे. वेग जमिनीच्या आकारातून येई आणि तो कमवावा लागे. अडचण एवढीच होती की खेळाने स्वतःचा हा स्वभाव सर्वत्र सांभाळला नाही. पहिल्या हिरव्यागार विभागानंतर लगेच येणाऱ्या 'मार्बल झोन'मध्ये तप्त लाव्हा आणि सरकते दगडी ठोकळे यांच्यापुढे खेळाडू ताटकळत उभा राही.

उत्तरार्ध घडला तो कॅलिफोर्नियात. नाका यांनी सेगा सोडली होती. मार्क सर्नी यांनी त्यांना अमेरिकेतील 'सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट'मध्ये आणले, यासुहाराही तेथे गेले, आणि जपानी व अमेरिकी लोकांच्या संमिश्र चमूने साधारण वर्षभरात खेळ उभा केला. ओशिमा जपानमध्येच राहिले. खेळाची साठवणजागा दुप्पट झाली आणि विभाग सहा-सातांवरून अकरा झाले.

या खेळाने केलेला सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे 'स्पिन डॅश'. खाली बसायचे, बटण दाबत राहायचे, आणि सॉनिक जागच्या जागी गरगर फिरून गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. याचा फायदा उघड आहे. पहिल्या खेळात चढापाशी वेग संपला की मागे चालत जाऊन पुन्हा धाव घ्यावी लागे. ते कंटाळवाणे काम एका फटक्यात संपले आणि खेळाला सलगता आली. पण त्याचबरोबर घाटाचे गणितही सैल झाले. वेग बटणावर मिळू लागला तेव्हा उताराची वाट पाहण्याचे कारण राहिले नाही. 'सॉनिक २'चा मोठा गुण आणि त्याचा मोठा दोष असे एकाच बटणाखाली आहेत, आणि पुढचे बहुतेक गुणदोष यातूनच निघतात.

या खेळात प्रत्येक विभागाला 'अ‍ॅक्ट' म्हणजे अंक असतात. पहिल्या खेळात ते तीन होते, दुसऱ्यात बहुतेक ठिकाणी दोन. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगवले, तेथल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको की अंक कमी होणे ही नेहमीच उणीव नसते. पाच अंकी संगीत नाटक पुढे तीन अंकी झाले, मग दोन अंकी झाले आणि त्यात बांधेसूदपणा आला. इथेही तसेच झाले. 'केमिकल प्लांट'मधल्या निळसर नळ्या आणि गुलाबी द्रवाची चढती पातळी, 'कॅसिनो नाइट'मधले पिनबॉलचे खटके : प्रत्येक कल्पना रंगात येते आणि शिळी होण्याआधी पडदा पडतो. मासातो नाकामुरा यांच्या संगीताचाही यात मोठा वाटा आहे.

दुसरा गुण 'टेल्स' या दोन शेपट्यांच्या कोल्ह्याचा. सॉनिकच्या मागे तो आपोआप धावतो, पण दुसरा कंट्रोलर जोडला की कुणीही त्याला हलवू शकते. तो कितीदाही मेला तरी उडत परत येतो, त्याच्या चुकीची सॉनिकला शिक्षा होत नाही. मराठी अंगणाला हा नियम नवा नाही. ज्याच्यावर डाव येत नाही पण ज्याला खेळता येते, अशा धाकट्या भावंडाला आपण लिंबूटिंबू म्हणतो. एकट्याने खेळायच्या खेळात लिंबूटिंबूसाठी जागा करणे ही या उत्तरार्धाची सर्वांत माणुसकीची कल्पना आहे. दुर्दैवाने ती पुरती निभावली गेली नाही. रत्ने मिळवण्याच्या 'स्पेशल स्टेज'मध्ये टेल्स सॉनिकच्या पाठोपाठ, पण क्षणभर उशिरा वळतो, नेमका बॉम्बवर आदळतो आणि दोघांच्या सामाईक हिशेबातली कडी घालवतो. जिथे सर्वाधिक पणाला लागलेले असते, तिथेच लिंबूटिंबूवर डाव येतो.

दोषांत पहिला दृष्टीचा. पडद्याची रुंदी ३२० बिंदूंची, सॉनिक उभा असतो मध्याच्या आसपास, आणि वेग असा की काही ठिकाणी तो कॅमेऱ्याच्याही पुढे निघून जातो. समोरचे दिसण्याआधीच धडक बसते. अंगावर एक जरी कडे असले तरी जीव वाचतो, हा नियम उदार आहे आणि त्यानेच हा दोष बराचसा झाकला आहे. 'मेट्रोपोलिस'मध्ये तो झाकला जात नाही. फेकलेली पाती, फुटणारे तारे आणि अरुंद वाटा यांमुळे तेथे धावणे हाच अपराध ठरतो. शिवाय इतरत्र दोनच अंक असताना या कंटाळवाण्या विभागाला तीन आहेत.

याचे कारण कलेत नाही, तारखेत आहे. सेगाने अमेरिका आणि युरोपसाठी २४ नोव्हेंबर १९९२ हा दिवस आधीच जाहीर केला होता. तो मंगळवार होता, आणि इंग्रजी 'ट्यूज्डे'मध्ये 'टू' दडलेला असल्यामुळे जाहिरातीला आयती कोटी मिळाली. अशी तारीख पुढे ढकलता येत नाही. मग विभाग गळू लागले. एका वगळलेल्या विभागाचा आराखडा 'मेट्रोपोलिस'चा तिसरा अंक म्हणून जोडला गेला. 'हिडन पॅलेस' या विभागाची चित्रे मासिकांत छापून आली होती, पण खेळात तो नव्हता. त्याच्या काही खुणा तेवढ्या कार्ट्रिजमध्ये राहिल्या. वेगाचा खेळ वेगाने करावा लागला आणि त्याचे ओरखडे उत्तरार्धाच्याही उत्तरार्धावर उमटले.

'एकाच दिवशी सगळीकडे' या घोषणेतल्या 'सगळीकडे'त आपण नव्हतो. भारतात सेगाचे 'मेगा ड्राइव्ह' यंत्र १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत आले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. साताऱ्या-सांगलीच्या नोकरदार घराने यासाठी एवढे पैसे काढणे अशक्यच. त्यात आणखी एक गंमत होती. अमेरिका-जपानचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवत, आपले आणि युरोपचे पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा, आणि खेळाची चाल या मोजणीला बांधलेली होती. म्हणजे अमेरिकेतली साठ सेकंदांची धाव पाल टीव्हीवर बहात्तर सेकंद चाले. संगीताची लय तेवढी दुरुस्त केलेली होती. वेगासाठी जगप्रसिद्ध असलेला नायक बरोबर लयीतल्या गाण्यावर सहा पावलांऐवजी पाचच पावले टाकी.

दुसरी उणीव इकडे अधिक जाणवणारी. या खेळात प्रगती साठवण्याची सोय नव्हती. सुमारे तासाभराचे वीस अंक एका बैठकीत संपवायचे, आणि शेवटच्या 'डेथ एग'मध्ये आधी आठ, मग बारा फटके मारायचे, तेही एकही कडे जवळ नसताना. ज्या जिल्ह्यात कोयनेचे धरण आहे, तेथेही २०००नंतरच्या दशकात भारनियमनाचे तास ठरलेले असत. वीज गेली की सॉनिक पुन्हा पहिल्या टेकडीवर. त्याच सुमारास संगणकावरील एम्युलेटरमधून हा खेळ खऱ्या अर्थाने आपल्याकडे पोचला. त्यात हव्या त्या क्षणी खेळ जतन करता येई आणि अमेरिकी वेगही मिळे. कायद्याच्या कडेकडेने चालणाऱ्या या वाटेने खेळाचा एक दोष परस्पर दुरुस्त केला. सेगाने स्वतः १९९४च्या 'सॉनिक ३'मध्ये साठवणीची सोय दिली होती.

मग निवाडा काय? पहिल्या खेळात वेग दुर्मीळ होता म्हणून मौल्यवान होता. दुसऱ्याने तो मुबलक केला, सलग केला, धाकट्यांनाही वाटून दिला, आणि त्या बदल्यात चढ-उताराचे मोल थोडे कमी केले. सौदा एकंदरीत फायद्याचाच झाला. खोटा पडला तो तारखेने लादलेला वेग, कारण तो कोणत्याही उतारावरून कमावलेला नव्हता.

'मिस्टिक केव्ह'च्या दुसऱ्या अंकात एक खड्डा आहे. त्यात तळाशी काटे आहेत आणि बाहेर पडायला वाट नाही. सातही रत्ने मिळवून अजिंक्य झालेला सॉनिक त्यात पडला तर मरतही नाही, निघूही शकत नाही. सेकंदाला एक या हिशेबाने कडी संपेपर्यंत तो मरणाची वाट पाहत उभा राहतो. खेळातला हा सर्वांत बेफिकीर दोष. २०१३ साली क्रिस्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांनी मोबाइलसाठी हा खेळ नव्याने बांधला. पडदा रुंद झाला, प्रगती साठवता येऊ लागली आणि एकवीस वर्षे बाहेर राहिलेला 'हिडन पॅलेस' परत आला. त्याचे दार त्यांनी त्याच खड्ड्याच्या तळाशी ठेवले.