विदर्भाच्या पांच लेकी

गोष्ट संपली म्हणजे ऐकणाराचें समाधान झालें, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु खरा रसिक तेथें थांबत नाहीं. पुढें काय झालें, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि या गोष्टींतील माणसें त्या दुसऱ्या गोष्टींतील माणसांच्या आधींचीं कीं नंतरचीं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नांतून नव्या कथा जन्मास येतात; दुसऱ्यांतून वंशावळी, कालगणना आणि स्थलमाहात्म्यें निर्माण होतात. ग्रीक पंडित एराटोस्थेनीस यानें होमरच्या काव्यांतील ट्रॉय नगराच्या पाडावास इसवी सनापूर्वींचें ११८४ हें वर्ष नेमून दिलें. इंग्लंडांत रोनाल्ड नॉक्स यानें १९११ सालीं शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. धर्मग्रंथांस लावावयाची चिकित्सा त्यानें गुप्तहेराच्या गोष्टींस लाविली, आणि डॉक्टर वॉटसनची जखम एका कथेंत खांद्याला तर दुसरींत पायाला कशी, असल्या कोड्यांत पुढें चांगले चांगले विद्वान रमून गेले. आज चित्रपटांच्या मालिकांतील पात्रांचीं नातीं आणि वर्षें जुळवीत बसणारे तरुण करितात तें हेंच. वऱ्हाडास मात्र हा छंद नवा नाहीं. अमरावती आणि अकोला या भागांत तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, आणि त्याचा इतिहास हा या प्रांताच्या इतिहासाचाच एक भाग आहे.

प्राचीन वाङ्मयांत विदर्भाच्या पांच राजकन्या विशेष प्रसिद्ध आहेत. रामायणाच्या बालकांडांत सगर राजाची ज्येष्ठ राणी केशिनी ही विदर्भराजाची मुलगी म्हणून सांगितली आहे. महाभारताच्या वनपर्वांत अगस्त्य ऋषीची पत्नी लोपामुद्रा विदर्भराजाच्या घरीं वाढते. त्याच पर्वांत भीमराजाची कन्या दमयंती नलास वरिते, आणि तिच्या पित्याची राजधानी कुंडिनपुर असते. कालिदासाच्या रघुवंशांत विदर्भाच्या भोजराजाची बहीण इंदुमती स्वयंवरांत अजाच्या गळ्यांत माळ घालते. शेवटीं हरिवंशांत व भागवतांत भीष्मकाची कन्या रुक्मिणी येते, आणि तिचेंही माहेर कुंडिनपुरच. या कथा एका कवीनें एका काळीं रचलेल्या नाहींत. त्यांच्यामध्यें शतकांचें अंतर आहे. पण ऐकणारांच्या मनांत देश एकच होता. ज्या वाड्यांत दमयंतीनें हंसाचा निरोप ऐकला, त्याच नगरींतून रुक्मिणीनें द्वारकेस पत्र धाडलें. तर मग या दोघींच्या मध्यें किती राजे होऊन गेले, हा प्रश्न मनांत येणें स्वाभाविकच होतें.

या प्रश्नाचें उत्तर देण्याच्या खुणा ग्रंथकारांनींच जागोजाग ठेविल्या आहेत. नलाची कथा वनवासांतील युधिष्ठिरास बृहदश्व मुनि जुनी हकीकत म्हणून सांगतात. तेव्हां दमयंती पांडवांच्या पूर्वींची, हें आपोआप ठरतें. पण किती पूर्वींची? येथें अयोध्येचा राजा ऋतुपर्ण कामास येतो. बाहुकाच्या वेषांतील नल ज्याचा रथ हांकून कुंडिनपुरास येतो, तोच हा राजा. विष्णुपुराणानें इक्ष्वाकुवंशाच्या यादींत ऋतुपर्णाचें नांव घेतांना हा नलाचा मित्र व द्यूतविद्येचें रहस्य जाणणारा, अशी ओळख मुद्दाम करून दिली आहे. त्या एका खुंटीस दमयंतीची सगळी कथा अडकवितां येते. त्याच यादींत ऋतुपर्णाच्या सुमारें दहा पिढ्या आधीं सगर आहे, म्हणजे केशिनी तेथें बसते. आणि ऋतुपर्णाच्या नंतर दहाबारा पिढ्यांनीं अज येतो, म्हणजे इंदुमती तेथें येते. इंदुमतीचा मुलगा दशरथ व नातू राम. याच वंशांतील बृहद्बल हा कोसलांचा राजा भारतीय युद्धांत अभिमन्यूच्या हातून मारला गेला. तेथें हा धागा श्रीकृष्णाच्या, म्हणजेच रुक्मिणीच्या काळास येऊन मिळतो. अयोध्येच्या वंशावळीवर विदर्भाच्या चार लेकींची अशी क्रमवार मांडणी होते.

राहिली लोपामुद्रा. तिचा पति अगस्त्य कोणत्याही एका पिढींत मावत नाहीं. रामायणांत तोच अगस्त्य दंडकारण्यांत रामास भेटतो व शस्त्रें देतो. अशा वेळीं जुन्या जाणकारांजवळ दोन उपाय असत. ऋषि दीर्घायुषी, हा एक. आणि अगस्त्य हें एका माणसाचें नसून कुलाचें नांव, हा दुसरा. पहिला उपाय श्रद्धेस मानवतो, दुसरा तर्कास. पण दोहोंचें काम एकच, गोष्टींतील तुटलेली जागा सांधणें. नांवांचा घोटाळा सोडविणें हेंही एक कामच होतें. सगराची राणी केशिनी आणि बाहुकाची परीक्षा घेण्यास दमयंतीनें पाठविलेली दासी केशिनी या दोघी वेगळ्या. दमयंतीचा पिता भीम आणि पांडव भीम हेही वेगळे. ज्यास हें माहीत नाहीं त्याच्या हातून कथानकाचा गुंता होणार, हें उघड आहे.

तथापि सर्वच ठिकाणीं सांधा जुळत नाहीं. कालिदास व विष्णुपुराण यांच्या मतें अज हा रघूचा पुत्र. वाल्मीकि-रामायणांतील वंशावळींत मात्र रघु आणि अज यांच्यामध्यें दहाअकरा नांवें येतात, आणि ऋतुपर्णाचा तर तेथें पत्ताच नाहीं. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ज्या विलासी अग्निवर्णाच्या मृत्यूपाशीं रघुवंश काव्य संपतें, तो कालिदासाच्या मतें रामाच्या कितीतरी पिढ्यांनंतरचा राजा. उलट वाल्मीकि-रामायणांत अग्निवर्ण हें नांव रामाच्या पूर्वजांत आहे. येथें दीर्घायुष्याची मात्रा चालत नाहीं, आणि नांवें सारखीं म्हणून दोन माणसें मानावींत तर ओळीनें तीन-चार नांवें सारखीं निघतात. दोन याद्यांपैकीं एक पुढेंमागें झाली आहे, हें मान्य करणें प्राप्त होतें.

ही मांडणी आधुनिक काळांत शास्त्राच्या पद्धतीनें करून पाहण्याचा मोठा प्रयत्न एफ. ई. पार्गिटर यांनीं केला. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत न्यायाधीश राहिलेल्या या गृहस्थांनीं पुराणांतील राजवंशांची छाननी करून १९२२ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. समकालीन ठरणाऱ्या व्यक्तींच्या जोड्या शोधावयाच्या आणि त्यांच्या आधारानें सर्व वंश एका कोष्टकांत बसवावयाचे, ही त्यांची रीत. सगर आणि विदर्भराजाची कन्या केशिनी यांचा विवाह ही त्यांच्या हातीं लागलेली अशीच एक जोडी होती; तिच्यामुळें अयोध्येचा वंश आणि यादवांची विदर्भशाखा यांची सांगड घालतां आली. त्यांच्या कोष्टकांत सगर ४१ व्या पिढींत आणि राम ६५ व्या पिढींत येतो. पार्गिटर यांचे निष्कर्ष सर्वांनीं स्वीकारले असें नाहीं. ब्राह्मणी परंपरा निराळी आणि क्षत्रियांची परंपरा निराळी, हें त्यांचें गृहीत पुढील पंडितांस फारसें पटलें नाहीं. पण कीर्तनास बसलेला श्रोता आणि ग्रंथालयांत बसलेला न्यायाधीश एकाच कोड्यावर विचार करीत होते, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९२४ सालीं, यादव माधव काळे यांचा वऱ्हाडचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि प्रांताच्या गतकालाकडे मराठींतून सलगपणें पाहण्याची सोय झाली.

काळाप्रमाणेंच स्थळांचीही सांधणी झाली. अमरावती जिल्ह्यांत तिवसे तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं कौंडिण्यपुर आहे; तेंच भीष्मकाचें कुंडिनपुर, अशी परंपरा. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळांतून रुक्मिणीचें हरण झालें, असें त्या शहरांतील आबालवृद्ध सांगतात. भागवतांत अंबिकेचें देऊळ नगराबाहेर असल्याचें म्हटलें आहे खरें; पण कौंडिण्यपुरापासून अमरावती सुमारें चाळीस किलोमीटर. नववधू देवदर्शनास पायीं निघाली असेल तर हें अंतर अवघड पडतें. पुढें रुक्मी पाठलाग करितो, हरतो, आणि कुंडिनपुरास परत न जातां भोजकट नगर वसवून राहतो. हें भोजकट म्हणजे अमरावतीच्या पश्चिमेची भातकुली, असें समजतात. द्वारकेची वाट पश्चिमेचीच. म्हणून ही जुळणी मनास पटते.

भोजकटाच्या बाबतींत कथेस एका वेगळ्याच बाजूनें आधार मिळाला. एलिचपुर, म्हणजे अचलपुर, याच्या जवळ चम्मक या गांवीं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सांपडला. पांचव्या शतकांतील या लेखांत मधुनदीच्या कांठचें चर्माङ्क हें गांव एक सहस्र ब्राह्मणांस दान दिल्याचें नमूद असून, तें गांव भोजकट राज्यांत असल्याचें स्पष्ट म्हटलें आहे. यावरून रुक्मी नांवाचा राजा होऊन गेला असें सिद्ध होत नाहीं. परंतु भोजकट ही कवींची कल्पना नव्हती, दानपत्रांत लिहावें असें तें खरेंखुरें प्रदेशाचें नांव होतें, एवढें निर्विवाद ठरतें. वरदा नदीविषयींही असेंच म्हणतां येईल. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकांत विदर्भाचें राज्य दोघां भावांत वांटून देतांना हीच नदी सीमा केली आहे. तीच आजची वर्धा.

चिखलदऱ्याची गोष्ट मात्र निराळी. येथील दऱ्यांत भीमानें कीचकास मारून टाकिलें, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी व्युत्पत्ति सांगतात. जवळच भीमकुंड दाखवितात, आणि वैराट हें विराटाचें नगर मानितात. मत्स्यदेशाचें विराटनगर राजस्थानांत जयपुरजवळचें बैराट होय, असें बहुतेक संशोधक मानितात. शिवाय सातारा जिल्ह्यांतील वाई आणि कर्नाटकांतील हनगल यांनींही विराटाच्या राजधानीवर आपला हक्क सांगितला आहे. अज्ञातवासाची कथाच अशी कीं, पांडव कोठें लपले तें कोणास ठाऊक नव्हतें. म्हणून प्रत्येक डोंगराळ मुलुखास ते आपल्याकडे लपले होते असें वाटावें, यांत नवल नाहीं.

वत्सगुल्माचा मान याहून न्यारा. हें आजचें वाशीम. १९९८ पर्यंत तें अकोला जिल्ह्यांत मोडत असे. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी, आणि १९३९ सालीं तेथेंच सांपडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटानें त्या शाखेचा उलगडा झाला. राजशेखरानें आपल्या काव्यमीमांसेंत एक रूपककथा रचिली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून देशोदेशीं हिंडतो आणि पार्वतीनें निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग जाते. या दोघांचा विवाह राजशेखरानें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत लाविला. विदर्भ म्हणजे विवाहांचा देश, ही कल्पना इतकी रुजली होती कीं, काव्य आणि साहित्य यांचें लग्नही कवीनें तेथेंच उरकिलें. विदर्भांत जन्मलेल्या भवभूतीनेंही मालतीमाधवांतील आपला नायक माधव कुंडिनपुराहूनच विद्याभ्यासास पाठविला आहे. जुन्या कथाविश्वांत आपल्या पात्रास जागा करून देण्याची ही रीत कवींनाही ठाऊक होती.

या छंदांत गंभीर असें कांहीं आहे काय, असें कोणी विचारील. आहे. रुक्मिणीच्या माहेरावर दुसऱ्याही एका प्रांताचा दावा आहे. अरुणाचल प्रदेशांत रोइंगजवळ भीष्मकनगर नांवाचे अवशेष असून तेथील इदु मिश्मी लोकांची परंपरा रुक्मिणीस आपली मानिते. आसामांत सदियाजवळ कुंडिल नदी आहे, आणि सोळाव्या शतकांत शंकरदेवांनीं रुक्मिणीहरणावर असमियांत रचना केली. ग्रंथांचा शब्द विदर्भाच्या बाजूचा आहे, यांत शंका नाहीं. पण हजार कोसांवरच्या लोकांनीं तीच मुलगी आपली म्हणून प्रेमानें संभाळली, तर त्यांस खोटें पाडण्यानें वऱ्हाडच्या पदरांत अधिक कांहीं पडणार नाहीं. सांधणीचें रूपांतर खटल्यांत झालें कीं गोष्ट मरते आणि इतिहासही सांपडत नाहीं.

कौंडिण्यपुर येथें मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या देखरेखीखालीं उत्खनन झालें, आणि त्याचा अहवाल १९६८ सालीं निघाला. इसवी सनापूर्वींपासूनच्या वस्तीच्या खुणा तेथें मिळाल्या. भीष्मकाचा वाडा मिळाला नाहीं, आणि मिळेल अशी अपेक्षा करणेंही योग्य नव्हतें. हिसार्लिक येथील टेंकडी श्लीमन यानें खणिली तेव्हां तीच गोष्ट घडली होती. नगर सांपडलें, पण अकिलिसाचें चिलखत कोणाच्या हातीं लागलें नाहीं. जुनी कथा कोठें खणावें तें सांगूं शकते. काय निघेल तें सांगणें तिच्या हातीं नसतें.

पण कथेचा पुरावा केवळ मातींतच शोधावयाचा नसतो. तेराव्या शतकांत याच अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपुर येथें, गोविंदप्रभूंच्या सन्निध, महदंबेनें रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. मराठींतील आद्य कवयित्री म्हणून तिचें नांव घेतलें जातें तें याच रचनेमुळें. १५७१ सालीं एकनाथांनीं रुक्मिणीस्वयंवर पुरें केलें, आणि उपवर मुलींनीं त्याचें पारायण करावें अशी चाल घरोघर पडली. कौंडिण्यपुराहून दर आषाढीस रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास जाते. द्वारकेची राणी आणि पंढरीची रखुमाई एकच, हा सांधा वारकऱ्यांनीं कोणत्याही कोष्टकाच्या मदतीवांचून घातला, आणि तो सर्वांत पक्का ठरला.

तात्पर्य, वऱ्हाडानें सांधलेल्या या कथाविश्वाकडे पाहतांना दोन प्रश्न निरनिराळे ठेवले पाहिजेत. या घटना अशाच घडल्या काय, हा एक. आणि या लोकांनीं त्या एकत्र कां गुंफिल्या, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर ताम्रपट, नाणीं आणि उत्खनन यांकडे मागावें, आणि तें मिळेल तेवढेंच घ्यावें. दुसऱ्याचें उत्तर मात्र पुराव्यानिशीं हातांत आहे. राजवंश बदलले, राजधान्या ओसाड पडल्या, जिल्ह्यांच्या सीमा फिरल्या. तरी ज्या भूमींत आपण राहतों ती एक आहे, आणि केशिनीपासून रुक्मिणीपर्यंत तिची आठवण अखंड आहे, अशी येथील माणसांची भावना होती. तिच्या जोरावर त्यांनीं पांच परक्या घरीं गेलेल्या मुलींना एका माहेरीं एकत्र आणिलें.